पेज साइझ आणि फाइल कॅश: लिनक्स कर्नलच्या मेमरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्व्हर सांभाळणारे, अँड्रॉइड ॲप लिहिणारे आणि ऑपरेटिंग सिस्टमचा पेपर तोंडावर आलेले विद्यार्थी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः लिनक्सची आहेत. कर्नल म्हणजे प्रोग्राम आणि हार्डवेअर यांच्यामध्ये बसणारा ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा. इतर सिस्टम जिथं वेगळ्या वागतात तिथं तसं सांगितलं आहे. आज्ञांची आणि सेटिंगची नावं आपण तोंडी म्हणतो तशी लिहिली आहेत. केबी, एमबी, जीबी सगळीकडे १०२४च्या पटीत धरा.

१. पेज म्हणजे नेमकं काय? आणि ते ४ केबीचंच का असतं?

मेमरीचा हिशेब बाइट-बाइटनं ठेवायचा तर हिशेबालाच सगळी मेमरी लागेल. म्हणून प्रोसेसर आणि कर्नल मेमरीचे सारख्या मापाचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याची एक नोंद ठेवतात. हा तुकडा म्हणजे पेज. प्रोग्रामला दिसणारा पत्ता आभासी असतो. पेज टेबल नावाच्या तक्त्यात पाहून प्रोसेसर तो रॅममधल्या खऱ्या जागेशी जुळवतो, आणि ही जुळवाजुळव पेजच्या मापानं होते.

पीसीवर ४ केबी हे माप इंटेलच्या ८०३८६ प्रोसेसरबरोबर १९८५ साली आलं आणि कायमचं राहिलं. त्याआधीच्या व्हॅक्स यंत्रांत पेज ५१२ बाइटचं होतं. पुढे अल्फा आणि ६४ बिटी स्पार्कनं ८ केबी घेतलं. पण सर्वांत बोलकं उदाहरण मँचेस्टरच्या ॲटलस संगणकाचं. १९६२ सालच्या या यंत्रात पेज होतं ४८ बिटांच्या ५१२ शब्दांचं, म्हणजे आजच्या भाषेत ३ केबी, आणि मुख्य मेमरी होती ९६ केबी. आज साध्या लॅपटॉपची रॅम १६ जीबी असते. मेमरी लाखपटीहून जास्त वाढली आणि पेज ३ केबीवरून ४ केबीवर आलं. खालचे निम्मे प्रश्न या विषम वाढीतून निघालेले आहेत.

२. माझ्या मशीनवर पेज किती मोठं आहे हे कसं कळेल?

टर्मिनलवर ‘गेटकॉन्फ पेजसाइझ’ ही आज्ञा द्या. दुसरा शब्द इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, जोडून. उत्तर ४०९६, १६३८४ किंवा ६५५३६ यांपैकी एक येईल.

इंटेल किंवा एएमडीच्या मशीनवर मूळ पेज नेहमी ४ केबीच असतं. ६४ बिटी आर्म प्रोसेसर मात्र ४, १६ आणि ६४ केबी अशी तीन मापं जाणतात, आणि कोणतं वापरायचं हे कर्नल तयार करतानाच ठरतं. ॲपलच्या एम मालिकेच्या चिपवर मॅकओएस १६ केबी वापरते. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ची आर्म आवृत्ती ६४ केबीवर होती. ९मध्ये त्यांनी मूळ कर्नल ४ केबीवर आणला आणि ६४ केबीचा कर्नल वेगळा पर्याय म्हणून ठेवला. म्हणून प्रोग्राममध्ये ४०९६ हा आकडा कधीही हातानं लिहू नका. सिसकॉन्फ फंक्शनला विचारा, ते खरं सांगतं. आकडा हातानं लिहिल्यावर काय होतं ते प्रश्न १२ आणि १३ मध्ये आहे.

३. पेज कॅश म्हणजे काय? ती कोण भरतं?

कर्नल भरतो, आणि तुम्ही काही न सांगता भरतो. एखादी फाइल वाचली की तिचा मजकूर डिस्कवरून आधी रॅममधल्या पेजांत येतो आणि तिथून प्रोग्रामच्या हवाली होतो. प्रोग्राम बंद झाला तरी ती पेजेस रॅममध्ये राहतात. हीच पेज कॅश, म्हणजे फाइल कॅश. तीच फाइल पुन्हा मागितली की डिस्कला हात लावावा लागत नाही. रॅममधून वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, चांगल्या एनव्हीएमई एसएसडीला काही दहा मायक्रोसेकंद, आणि फिरत्या हार्ड डिस्कला काही मिलिसेकंद. म्हणजे कॅशमध्ये सापडलेली फाइल हार्ड डिस्कपेक्षा हजारो पटींनी लवकर हाती येते. दुसऱ्यांदा ब्राउझर उघडताना तो पटकन उघडतो त्याचं कारण हेच.

कर्नल थोडं पुढचंही वाचून ठेवतो. तुम्ही फाइल सुरुवातीपासून ओळीनं वाचताय असं दिसलं की पुढचा भाग आधीच आणतो. या आगाऊ वाचनाची नेहमीची मर्यादा १२८ केबी असते. लिहितानाही मजकूर आधी इथंच येतो, त्याबद्दल प्रश्न ७ आणि ८ पाहा.

४. १६ जीबी रॅम आहे आणि ‘फ्री’मध्ये फक्त ३०० एमबी दिसतात. रॅम संपली का?

बहुतेक वेळा नाही. सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच आहे, आणि याच गैरसमजातून लोक विनाकारण रॅम विकत घेतात.

फ्री या आज्ञेच्या उत्तरात ‘फ्री’ नावाचा रकाना आहे, तो बघू नका. ‘अव्हेलेबल’ हा रकाना बघा. फ्री म्हणजे ज्याचा सध्या कशालाच उपयोग होत नाही अशी रॅम. कर्नल ती तशी पडू देत नाही, तिच्यात फाइल कॅश भरतो. कोणाला मेमरी हवी झाली की कॅशमधली स्वच्छ पेजेस, म्हणजे ज्यांची प्रत डिस्कवर जशीच्या तशी आहे अशी पेजेस, तत्क्षणी सोडून देतो. अशी किती रॅम सहज मोकळी करता येईल याचा अंदाज अव्हेलेबल देतं. हा आकडा २०१४ सालच्या ३.१४ या कर्नलपासून प्रॉक या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या डिरेक्टरीतल्या मेमइन्फो फाइलमध्ये आहे. त्याआधी लोक फ्री, बफर्स आणि कॅश्ड यांची बेरीज करत, आणि ती बऱ्याचदा चुकत असे. का ते प्रश्न ५ मध्ये.

अव्हेलेबल एकूण रॅमच्या पाच-सात टक्क्यांवर आलं, डिस्कवरचं वाचन वाढलं आणि सिस्टम अडखळायला लागली, तर मात्र रॅम खरंच कमी पडते आहे.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘कॅश्ड’ आणि मॅकच्या ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये ‘कॅश्ड फाइल्स’ दिसतात, ती याच जातीची गोष्ट आहे.

५. ‘बफर्स’ आणि ‘कॅश्ड’ यांत फरक काय? आणि कॅश्डमधली सगळी मेमरी परत मिळते का?

जुन्या कर्नलमध्ये डिस्कच्या ब्लॉकांची कॅश वेगळी आणि फाइलींची वेगळी होती, त्यामुळे एकच मजकूर दोनदा रॅममध्ये बसायचा. २००१ साली आलेल्या २.४ कर्नलनं त्या एकत्र केल्या. आज बफर्स म्हणजे थेट डिस्क-डिव्हाइसची म्हणून कॅश केलेली पेजेस, त्यात फाइल सिस्टमची स्वतःची नोंदवही मोडते. कॅश्ड म्हणजे फाइलींची पेजेस. बफर्सचा आकडा एरवी लहान असतो, त्यावर वेळ घालवू नका.

दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. कॅश्डमधली सगळी मेमरी परत मिळत नाही. टीएमपीएफएस या रॅममध्येच राहणाऱ्या फाइल सिस्टममधल्या फाइली आणि प्रोसेसमध्ये वाटून घेतलेली मेमरी यांची मोजणीही कॅश्डमध्येच होते, पण त्यांची प्रत डिस्कवर नसते. स्वॅप, म्हणजे रॅममधली पेजेस हलवून ठेवायची डिस्कवरची जागा, नसेल तर त्या काढता येतच नाहीत. मेमइन्फोमध्ये ‘श्मेम’ या नावानं त्यांचा आकडा येतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस चालणाऱ्या मशीनवर तो अनेक जीबी असू शकतो.

झेडएफएस या फाइल सिस्टमचं उलट आहे. त्याची एआरसी ही स्वतंत्र कॅश कॅश्डमध्ये येतच नाही, वापरलेल्या मेमरीत दिसते. झेडएफएसवाल्या सर्व्हरवर रॅम गळते आहे असं वाटलं, तर गळती शोधण्याआधी एआरसीचा आकडा काढा.

६. रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) कॅश रिकामी करायची आज्ञा लावली तर सिस्टम हलकी राहील ना?

नाही. सकाळी जड होईल. ‘ड्रॉप कॅशेस’ फाइलमध्ये १ लिहिलं की फाइलींची स्वच्छ पेजेस टाकली जातात, २ लिहिलं की डिरेक्टरी आणि आयनोडच्या (फाइलचा मालक, आकार, जागा सांगणाऱ्या) नोंदी, ३ लिहिलं की दोन्ही. टाकलेलं सगळं पुढच्या वापराला डिस्कवरून परत आणावं लागतं. डेटाबेस असलेल्या मशीनवर सकाळचे पहिले वापरकर्ते याची किंमत मोजतात.

या सोयीचा खरा उपयोग मोजमापासाठी आहे. डिस्कचा वेग तपासायचा असेल तर आधी ‘सिंक’ द्या, म्हणजे न लिहिलेलं सगळं डिस्कवर जाईल, मग कॅश टाका, नाहीतर तुम्ही रॅमचाच वेग मोजाल. एवढं सोडून हे क्रॉनमध्ये दिसलं तर काढून टाका. कोणत्याही सर्व्हरचा ताबा घेतल्यावर ही ओळ मी सर्वांत आधी शोधतो.

७. पेनड्राइव्हवर कॉपी १०० टक्के झाली असं दाखवतं, पण ‘इजेक्ट’ केल्यावर पाच मिनिटं अडकतं. का?

कारण कॉपी पेज कॅशमध्ये पूर्ण झालेली असते, पेनड्राइव्हवर नाही. प्रोग्रामनं लिहिलेला मजकूर आधी रॅममधल्या पेजांत जातो आणि त्या पेजांवर ‘डर्टी’ अशी खूण होते. प्रोग्रामच्या दृष्टीनं काम संपलं. प्रत्यक्ष लिहिणं कर्नल मागून करतो, आणि पेनड्राइव्ह हळू असेल तर तिथंच वेळ जातो. इजेक्ट म्हणजे उरलेली सगळी डर्टी पेजेस लिहून होईपर्यंत थांबणं. मेमइन्फोमधल्या ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ या दोन ओळी बघत राहिलात तर आकडा उतरताना दिसेल. तो उतरेपर्यंत पेनड्राइव्ह ओढू नका. लग्नाचे फोटो असे अर्धवट गेलेले बरेच जण आहेत.

८. मग अचानक वीज गेली तर किती काम बुडेल?

नेहमीच्या सेटिंगला साधारण शेवटच्या अर्ध्या मिनिटाचं. लिहिण्याचं काम करणारे कर्नलचे धागे (थ्रेड) दर ५ सेकंदांनी जागे होतात आणि ३० सेकंदांहून जुनी डर्टी पेजेस डिस्कवर पाठवतात. याखेरीज प्रमाणाची मर्यादा आहे: डर्टी पेजेस उपलब्ध मेमरीच्या १० टक्क्यांवर गेली की मागून लिहिणं सुरू होतं, आणि २० टक्क्यांवर गेली की लिहिणाऱ्या प्रोग्रामलाच रोखून धरलं जातं. १२८ जीबीच्या सर्व्हरला जुनी हार्ड डिस्क जोडलेली असेल तर हे २० टक्के म्हणजे वीस-पंचवीस जीबी होतात, आणि ते उतरायला मिनिटं लागतात. अशा मशीनवर टक्क्यांऐवजी ‘डर्टी बाइट्स’ आणि ‘डर्टी बॅकग्राउंड बाइट्स’ या सेटिंगनं मर्यादा थेट एमबीत द्यावी. टक्के ठरवले तेव्हाचं रॅमचं माप वेगळं होतं.

जे काम बुडून चालणार नाही त्यासाठी प्रोग्रामनं एफसिंक, म्हणजे ही फाइल आत्ताच डिस्कवर लिही अशी कर्नलला आज्ञा, द्यायलाच हवं. सुरक्षित रीत अशी: नवा मजकूर तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, तिला एफसिंक द्या, मग रीनेम करून जुनीच्या जागी बसवा, आणि शेवटी त्या डिरेक्टरीलाही एफसिंक द्या. यातली शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात. एफसिंकच अपयशी ठरलं तर काय, ते प्रश्न १७ मध्ये.

९. पेज मोठं केल्यानं वेग कसा वाढतो?

तीन वाटांनी. पहिली टीएलबीची, म्हणजे प्रोसेसरमधल्या पत्त्यांच्या छोट्या नोंदवहीची. पेज टेबल रॅममध्ये असतं आणि ६४ बिटी इंटेल मशीनवर ते चार पातळ्यांचं असतं, म्हणजे एक पत्ता शोधायला चार वेळा मेमरी वाचावी लागू शकते. ते टाळायला प्रोसेसर अलीकडे लागलेले पत्ते टीएलबीत लिहून ठेवतो, जसे आपण रोज लागणारे फोन नंबर कॅलेंडरच्या कडेला लिहून ठेवतो. पण ती कड छोटी आहे. इंटेलच्या स्कायलेकमध्ये दुसऱ्या पातळीच्या टीएलबीत १५३६ नोंदी आहेत. ४ केबीच्या पेजला त्यांत एकूण ६ एमबी मेमरी मावते. तेवढ्याच नोंदी २ एमबीच्या पेजांच्या असतील तर ३ जीबी.

दुसरी वाट पेज टेबलच्या आकाराची. १ जीबी मेमरी जोडायला ४ केबीच्या २,६२,१४४ नोंदी लागतात, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे २ एमबी. त्याशिवाय लिनक्स रॅममधल्या प्रत्येक पेजसाठी ६४ बाइटची एक नोंद ठेवतो. १६ जीबीच्या मशीनवर त्या नोंदींनाच २५६ एमबी जातात.

तिसरी वाट कमी लोकांना माहीत आहे आणि मला ती सर्वांत सुंदर वाटते. प्रोसेसरची पहिल्या पातळीची कॅश लवकर उत्तर देण्यासाठी पत्त्याचं भाषांतर पूर्ण व्हायच्या आधीच शोध सुरू करते. त्यासाठी तिला पत्त्याचा फक्त पेजच्या आतला भाग वापरता येतो. परिणामी अशा कॅशचा आकार साधारणपणे पेजचं माप गुणिले तिच्यातल्या समांतर कप्प्यांची संख्या एवढाच ठेवावा लागतो. इंटेलची ३२ केबीची डेटा कॅश म्हणजे ४ केबी गुणिले ८; पुढे आइस लेकमध्ये ४८ केबी हवे होते म्हणून कप्पे १२ करावे लागले. ॲपलनं पेजच १६ केबीचं ठेवलं, त्यामुळे एम १च्या मोठ्या कोअरना १२८ केबीची पहिल्या पातळीची डेटा कॅश देता आली.

१०. एवढे फायदे आहेत तर सगळे ६४ केबी का वापरत नाहीत?

छोट्या फाइलींमुळे. पेज कॅशमध्ये दोन फाइली एका पेजमध्ये बसत नाहीत. फाइल १ बाइटची असली तरी एक अख्खं पेज घेते. एखाद्या मोठ्या प्रकल्पाच्या १ लाख छोट्या सोर्स फाइली घ्या. ४ केबीचं पेज असेल तर त्यांना कॅशमध्ये साधारण ३९० एमबी लागतील. १६ केबीला दीड जीबी, आणि ६४ केबीला ६ जीबीहून जास्त. मजकूर तेवढाच, वाढलेली सगळी जागा रिकामी.

मराठीत हिशेब करून बघा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, मात्रा आणि अनुस्वारही वेगळे मोजले जातात. म्हणजे ४ केबीच्या एका पेजमध्ये सुमारे १,३६५ चिन्हं मावतात. एक छोटी बातमी किंवा दोन कविता. ६४ केबीच्या पेजमध्ये अशी एकच बातमी असेल तर सोळापैकी पंधरा भाग मोकळे पडतात.

प्रत्येक प्रोसेसचा स्टॅक, लायब्ररींचे तुकडे, सगळ्यांचीच अशी गोळाबेरीज वर सरकते. मोठ्या सलग डेटावर चालणाऱ्या मशीनला ६४ केबी शोभतं. कंपाइल करणाऱ्या, वेब फाइली वाढणाऱ्या किंवा कमी रॅमच्या मशीनला ते महागात पडतं.

११. मग ह्यूज पेजेस आणि फोलिओ हे काय आहेत? मूळ पेज न बदलता फायदा मिळतो का?

मिळतो, आणि सध्याचा बराचसा प्रयत्न त्याच दिशेनं चालला आहे. इंटेल आणि एएमडीवर ४ केबीच्या जोडीला २ एमबी आणि १ जीबीची पेजेस वापरता येतात. डेटाबेससाठी ती आधीच राखून ठेवता येतात. पोस्टग्रेसचं उदाहरण घ्या. वाटून घेतलेली ८ जीबी मेमरी प्रत्येक जोडणीची प्रोसेस स्वतःच्या पेज टेबलात जोडते. सगळी मेमरी वापरात आली की दर प्रोसेसमागे १६ एमबीचं पेज टेबल होतं, आणि १०० जोडण्या असतील तर १.६ जीबी निव्वळ तक्त्यांत जातात. ह्यूज पेजेस दिली की हा खर्च जवळपास नाहीसा होतो. मोठ्या शेअर्ड बफर्सचा (हीच ती वाटून घेतलेली मेमरी) पोस्टग्रेस असेल तर हे जरूर करा.

‘ट्रान्स्परंट’ ह्यूज पेजेस २०११ सालच्या २.६.३८ कर्नलमध्ये आल्या. त्या कर्नल आपणहून जुळवतो. रेडिस हे डेटाबेस सॉफ्टवेअर आजही त्या बंद ठेवायला सांगतं, कारण त्यानं स्नॅपशॉटसाठी प्रोसेसची प्रत काढली की एक बाइट बदलल्यावरही २ एमबी कॉपी करावे लागू शकतात. मोंगोडीबीही वर्षानुवर्षं बंद ठेवा म्हणत होतं, ८.० आवृत्तीपासून त्यांचा सल्ला उलटा झाला. इंटरनेटवरचा जुना सल्ला डोळे मिटून लावू नये याचं हे चांगलं उदाहरण आहे.

फोलिओ हे फाइल कॅशचं उत्तर आहे. कर्नलमधल्या फाइल सिस्टमच्या कोडमध्ये वर्षानुवर्षं एक पेज म्हणजे कॅशचं एक एकक असं गृहीत होतं. मॅथ्यू विलकॉक्स यांच्या पुढाकारानं २०२२च्या जानेवारीत आलेल्या ५.१६ कर्नलपासून फोलिओ हे नवं एकक आलं: एक किंवा अनेक सलग पेजेस, एकाच नोंदीखाली. छोटी फाइल ४ केबीतच राहते, मोठी सलग वाचली तर कर्नल हळूहळू मोठे फोलिओ वापरतो. एक्सएफएस या फाइल सिस्टमला मोठे फोलिओ ५.१८ पासून मिळाले, ईएक्सटी४ या दुसरीला ६.१६ पासून. प्रश्न १० मधली उधळपट्टी टाळून प्रश्न ९ मधला बराच फायदा घेण्याची ही वाट आहे, आणि मला ती सर्वांसाठी एकच मोठं पेज लादण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाची वाटते.

१२. गूगल प्लेनं १६ केबी पेजची अट घातली आहे. माझ्या ॲपमध्ये काय बदलावं लागेल?

ॲप पूर्णपणे जावा किंवा कॉटलिनमध्ये असेल आणि त्यातल्या कोणत्याही लायब्ररीत नेटिव्ह (सी, सी++ मधून थेट प्रोसेसरसाठी बांधलेला) कोड नसेल तर काहीच नाही. पण नेटिव्ह कोड बहुधा दुसऱ्याच्या लायब्ररीतून आलेला असतो: व्हिडिओ प्लेअर, डेटाबेस, पीडीएफ दाखवणारं काहीतरी. म्हणून एपीके (ॲपची फाइल) उघडून लिब फोल्डर बघितल्याशिवाय खात्री धरू नका.

अँड्रॉइड १५ पासून सिस्टम १६ केबी पेजवर चालू शकते, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ वा त्यापुढच्या आवृत्तीसाठीच्या नव्या ॲप्सना आणि अपडेटना ६४ बिटी मशीनवर १६ केबीचा आधार असणं ही प्लेची अट आहे. नेटिव्ह लायब्ररीचे भाग १६ केबीच्या सीमेवर जुळवलेले हवेत. एनडीके या नेटिव्ह कोडच्या साधनसंचाची आर२८ आवृत्ती हे आपोआप करते, त्याआधीच्या आवृत्तीत लिंकरला सांगावं लागतं. अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन ८.५.१ किंवा पुढचं घ्या. यानंतर कोडमध्ये ४०९६ शोधा. फाइल मेमरीत जोडणाऱ्या एममॅपला दिलेले ऑफसेट (फाइलमधलं सुरुवातीचं ठिकाण) पेजच्या पटीतच असावे लागतात आणि तिथंच ॲप कोसळतं. शेवटी १६ केबीच्या एम्युलेटरवर चालवून बघा. मेमरी थोडी जास्त लागते, बदल्यात ॲप लवकर उघडतं.

१३. रास्पबेरी पाय ५ वर एक प्रोग्राम ‘अनसपोर्टेड सिस्टम पेज साइझ’ म्हणून बंद पडतो. काय करू?

पाय ५ चा नेहमीचा कर्नल १६ केबीचा आहे आणि तुमचा प्रोग्राम ४ केबी गृहीत धरून बांधला गेला आहे. हा संदेश बहुतेकदा जेईमॅलॉक या मेमरी वाटणाऱ्या लायब्ररीचा असतो, तिच्यात पेजचं माप बांधणीच्या वेळीच गोठवलं जातं. प्रोग्रामची नवी बांधणी मिळाली तर उत्तम. न मिळाल्यास कॉन्फिग फाइलमध्ये कर्नल म्हणून ‘कर्नल८’ ची इमेज द्या, म्हणजे ४ केबीचा कर्नल सुरू होईल.

१४. ६४ केबीच्या सर्व्हरमधली डिस्क साध्या पीसीला लावली, ती माउंट होत नाही. डेटा गेला का?

डेटा जागेवर आहे. लिनक्समध्ये फाइल सिस्टमचा ब्लॉक पेजपेक्षा मोठा असून चालत नसे. ६४ केबी पेजच्या मशीनवर ६४ केबीच्या ब्लॉकनं एक्सएफएस तयार केली असेल तर ४ केबीचं मशीन ती नाकारतं. ६.१२ पासूनच्या कर्नलवर एक्सएफएसची ही मर्यादा उठली आहे, तेव्हा आधी नव्या कर्नलवर लावून बघा. डिस्क पुन्हा फॉरमॅट करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

स्वॅपचीही अशीच तक्रार येते. स्वॅपची ओळख पटवणारी खूण पहिल्या पेजच्या अगदी शेवटी असते. पेजचं माप बदललं की कर्नल ती भलत्याच ठिकाणी शोधतो आणि स्वॅप ओळखत नाही. इथं मात्र स्वॅप तयार करणारी एमकेस्वॅप ही आज्ञा पुन्हा चालवायला हरकत नाही.

१५. कंटेनरची मेमरी मर्यादेला टेकलेली दिसते, पण ॲप तर छोटं आहे. कोण खातंय?

बहुधा फाइल कॅश. कंटेनर म्हणजे ठरलेल्या मर्यादेत वेगळा चालवलेला प्रोग्राम, आणि ही मर्यादा कर्नलमधली सीग्रुप ही सोय सांभाळते. सीग्रुपच्या हिशेबात कंटेनरनं वाचलेल्या-लिहिलेल्या फाइलींची पेजेसही त्याच्याच नावावर चढतात. लॉग भरभरून लिहिणारा कंटेनर म्हणून मर्यादेला टेकतो आणि तिथंच राहतो. मर्यादा आली की कर्नल आधी त्याची कॅश सोडवतो. तरीही भागलं नाही तरच प्रोसेस मारली जाते.

पेच कुबरनेटीसमध्ये, म्हणजे अनेक कंटेनर सांभाळणाऱ्या प्रणालीत, आहे. तिथला ‘वर्किंग सेट’ हा आकडा एकूण वापरातून फक्त ‘इनॲक्टिव्ह’ (अलीकडे फारशी न वापरलेली) फाइल पेजेस वजा करून काढतात. दोनदा वाचलेली फाइल ‘ॲक्टिव्ह’ यादीत जाते आणि सोडवता येण्यासारखी असूनही वापरात मोजली जाते. अलार्म वाजला तर मेमरी स्टॅट फाइलमध्ये ‘अनॉन’ आणि ‘फाइल’ हे आकडे वेगळे बघा. अनॉन, म्हणजे फाइलशी संबंध नसलेली प्रोग्रामची स्वतःची मेमरी, सतत चढत असेल तर ती खरी गळती.

१६. रात्रीचा बॅकअप चालला की सकाळी डेटाबेस थंड पडतो. बॅकअपनं कॅश हुसकावून लावली का?

तशी शक्यता आहे, जरी कर्नल ती टाळायचा प्रयत्न करतो. एकदाच वाचलेली पेजेस इनॲक्टिव्ह यादीत राहतात आणि आधी बाहेर जातात. ६.१ कर्नलमध्ये आलेली अनेक पिढ्यांची नवी यादी, एमजीएलआरयू, हा निवाडा आणखी नीट करते. तरी बॅकअप रॅमच्या कितीतरी पट मोठा असेल तर थोडी झळ पोचतेच. बॅकअपच्या प्रोग्रामला वाचून झालेला भाग टाकून दे असं पॉझिक्स एफॲडव्हाइज या फंक्शननं सांगता येतं. ६.१४ पासून कॅशमध्ये मागे काही न ठेवता वाचण्या-लिहिण्याची सोयही आली आहे. कोणती फाइल किती कॅशमध्ये आहे हे ‘एफइनकोर’ दाखवतं. बॅकअपच्या आधी आणि नंतर चालवा म्हणजे अंदाज करत बसावं लागणार नाही.

मायएसक्यूएलचं इनोडीबी वापरत असाल तर पेज कॅश टाळून वाचणारी-लिहिणारी ओ-डायरेक्ट पद्धत ठेवा. इनोडीबीची स्वतःची कॅश असते, त्यामुळे तोच मजकूर पेज कॅशमध्ये दुसऱ्यांदा ठेवण्यात अर्थ नाही. पोस्टग्रेस मुद्दाम पेज कॅशवर विसंबतं, म्हणूनच त्याच्या शेअर्ड बफर्सना रॅमच्या २५ टक्क्यांपासून सुरुवात करायला सांगतात.

१७. एफसिंकनं एरर दिली, पुन्हा दिल्यावर यशस्वी झालं. आता डेटा सुरक्षित आहे ना?

नाही, आणि हे गृहीत धरणं फार धोक्याचं आहे. डिस्कवर लिहिताना चूक झाली की ईएक्सटी४ आणि एक्सएफएस ती पेजेस तरीही स्वच्छ झाली अशी खूण करतात. एफसिंक ती चूक एकदा कळवतं. दुसऱ्या वेळी लिहायला डर्टी पेज उरलेलंच नसतं, म्हणून ते यशस्वी होतं. डिस्कवर जुनाच मजकूर आहे.

पोस्टग्रेसच्या मंडळींच्या हे २०१८ साली लक्षात आलं, तेव्हा डेटाबेसच्या जगात मोठी खळबळ उडाली होती. पोस्टग्रेस तोवर एफसिंक पुन्हा देऊन पुढे जात असे. २०१९च्या फेब्रुवारीतल्या आवृत्त्यांपासून ते अशा वेळी स्वतः बंद पडतं आणि लॉगवरून सगळं पुन्हा उभारतं. तुमच्या प्रोग्रामनंही तेच करावं: एफसिंकची एरर आली की कॅशमधल्या प्रतीवर विश्वास न ठेवता ज्ञात चांगल्या प्रतीपासून सुरुवात.

१८. डिस्कवरची फाइल बदललेली नसताना वाचल्यावर वेगळी दिसू शकते का?

शकते, आणि २०२२ साली जगानं ते पाहिलं. ‘डर्टी पाइप’ या नावानं गाजलेल्या दोषात, फक्त वाचायची परवानगी असलेला वापरकर्ताही पेज कॅशमधल्या फाइलच्या पेजवर लिहू शकत होता. त्या पेजवर डर्टीची खूण होत नसे, म्हणून बदल आपणहून डिस्कपर्यंत जात नसे. पण त्या मशीनवरचा प्रत्येक प्रोग्राम कॅशमधूनच वाचतो, त्यामुळे पासवर्डची फाइल बदलल्यासारखाच परिणाम व्हायचा. कॅश टाकली किंवा मशीन पुन्हा सुरू केलं की फाइल पूर्ववत.

मॅक्स केलरमन यांना हा दोष सापडला तो एका ग्राहकाच्या बिघडलेल्या लॉग फाइलींचा माग काढताना. दोष ५.८ कर्नलपासून होता आणि ५.१६.११, ५.१५.२५ व ५.१०.१०२ या आवृत्त्यांत दुरुस्त झाला. अद्ययावत डिस्ट्रोवर असाल तर दुरुस्ती आलेली आहे. राउटर, जुने अँड्रॉइड फोन, कपाटावर ठेवून विसरलेलं एखादं छोटं सर्व्हर मशीन अशा ठिकाणी ‘यूनेम’ देऊन आवृत्ती आजच तपासा.